छपराखालचं त्रिकोणी भोक

३ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. सोबत घर पाठवते आहे. चार घड्या घातल्या आहेत, उलगडताना जपून.

हे घर तुमच्या भावाने काढलेलं आहे, संगणकावर. मला ते गेल्या आठवड्यात सापडलं. संध्याकाळी कामावरून आले की खोलीचं दार लोटून ते काय करत बसायचे, ते आत्ता कळलं. मला वाटायचं पत्ते खेळतात. चहा घेऊन आत गेले की दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेले, वर्गात तपासनीस आल्यासारखे. मी कधी खोदून विचारलं नाही. माणसाला एखादा चोरटा नाद असला की तब्येत चांगली राहते, असं मी एका पुस्तकात वाचलं होतं. ते पुस्तक मी आता वाचनालयात परत केलं आहे.

तर घर. तुम्हा दोघा भावंडांच्या नावावर असलेल्या जागेवरच बेतलंय. तीन खोल्या, एक स्वयंपाकघर. उत्तरेकडच्या खोलीवर त्यांनी 'ताईची' असं लिहूनच ठेवलंय, तेव्हा तुम्ही यायचं आहे हे मी वेगळं सांगत नाही. ते गेल्यावर पंपघराच्या साहेबांनी मला हे क्वार्टर वर्षभर ठेवायला दिलं, त्यातले सात महिने गेले. जूनअखेर निघावं लागेल. मिस्त्री काम सुरू करायला तयार आहेत, फक्त नकाशावर तुमची सही हवी. पेन्सिलीने खूण केली आहे तिथे करा.

फोन केला असता, पण मागच्या वेळी तुम्ही मला गॅसची तक्रार नोंदवणारी बाई समजून दहा मिनिटं झापलंत. तुमच्या कानांपेक्षा टपाल बरं.

तुमची भावजय


११ फेब्रुवारी

भावजयबाई,

घर पोचलं. उलगडलं. चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. सही केलेली नाही.

मी पन्नास वर्षं कपडे बेतते आहे. कापड टेबलावर पसरलं की कुठे कमी पडतंय ते मला आधी दिसतं, रंग नंतर. तुझ्या घराचं छप्पर दोन बाजूंना उतरतं, पुस्तक उघडून पालथं घातल्यासारखं. लांबीच्या भिंतींवर ते छान टेकलंय. पण टोकाच्या दोन भिंती बघ. त्या वर सपाट कापल्या आहेत. भिंत संपते तिथून छपराच्या टोकापर्यंत काहीच नाही. दोन्हीकडे एक-एक त्रिकोणी भोक. त्यातून बैल आत येईल, आणि दुसऱ्या भोकातून बाहेर जाईल. वळायचीसुद्धा गरज नाही.

तुझ्या मिस्त्रीला हे दिसलं नाही? तुला दिसलं नाही? तू तर जाड जाड पुस्तकं वाचतेस.

असल्या घरावर मी सही करणार नाही. आणि कुणा परक्या नकाशावाल्याकडून नवीन काढून आणलंस तरी करणार नाही. घर त्याचं म्हणतेस, तर भिंतीही त्यानेच ओढलेल्या हव्यात. जमत नसेल तर जागा विकू. समोरचा फर्निचरवाला गोदामासाठी मागतोय. त्याला मी पंधरा एप्रिलला उत्तर देते म्हणून सांगितलंय.

तोवर भोकं बुजव.

तुझी मोठी नणंद (आहे एकच, पण मोठी)


२० फेब्रुवारी

वन्सं,

भोकं आहेत हे खरं. मिस्त्रींना दाखवलं तर ते म्हणतात, "बाई, मला वाटलं तुमची हौस असेल. लोकांना आजकाल काय काय आवडतं."

मी मात्र तीन दिवस विचार केला. हे असे चुकणारे नव्हते. पंपघरात सव्वीस वर्षांत एकदाही त्यांच्या पाळीत शहराचं पाणी तुटलं नाही. तेव्हा भोकं मुद्दाम ठेवली असणार, हवेसाठी. गरम हवा वर जाते आणि बाहेर पडायला जागा लागते, हे मी वाचलेलं आहे. त्यांनाही ठाऊक असणार. स्वयंपाकघरात मला फार उकडतं, असं मी पूर्वी म्हणायचे. माझ्या मनात येतं, त्यांनी ते लक्षात ठेवून माझ्यासाठी ही वाट ठेवली. असं असेल तर बुजवायची कशी? पावसासाठी जाळी लावता येईल.

तरी प्रोग्रॅम शिकायला घेतला आहे. त्याचं तीनशे बारा पानांचं मार्गदर्शक पुस्तक छापून आणलं आणि पहिल्या पानापासून वाचते आहे. मला मधूनच उघडता येत नाही. वाचायला मी लग्नानंतर माझी मीच शिकले, त्यामुळे पान वगळलं की कुणीतरी पकडेल असं वाटतं. गोष्ट रटाळ आहे. पात्रं शंभरेक, त्यात माणूस एकही नाही.

पुस्तकात चुकाही फार. 'माऊसचं डावं बटण दाबा' असं लिहिलंय, आणि ते दाबलं की भलतीच यादी उघडते. उजवं दाबलं की काम होतं. आता जिथे 'डावं' छापलंय तिथे मी पेनाने 'उजवं' करत चालले आहे. एक्केचाळीस पानांपर्यंत दुरुस्त केलं.

भावजय


२६ फेब्रुवारी

भावजयबाई,

हवेसाठी म्हणे!

अगं, तो तुझा नवरा व्हायच्या आधी तेवीस वर्षं माझा भाऊ होता. घरात त्याला आम्ही ठोंब्या म्हणायचो. त्याने जन्मात कुठल्याच गोष्टीचं वरचं टोक पुरं केलं नाही. शर्टाची बटणं खालून लावायला लागायचा आणि वरचं एक राहायचं. आमच्या घराला रंग दिला तेव्हा दारं खालपासून चकचकीत, आणि वरची वीतभर पट्टी जुनीच. विचारलं तर म्हणे, "तिथे कोण बघतं?" आई म्हणायची, "उंच पाहुणे बघतात." तर म्हणे, "उंच पाहुणे येतात कुठे?"

पंपघरात पाणी तुटलं नाही कारण तिथे वरचं टोक नव्हतं, नुसतं चाक होतं.

तेव्हा त्याला ऋषी करू नकोस. कंटाळा आला, उद्या करू म्हणाला, आणि उद्या आला नाही. एवढंच आहे. भोक बुजव.

नणंद

ता. क. जाळीची गोष्ट काढलीस तर पत्रं बंद.


९ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस तुमच्यावर रागावले होते. तिसऱ्या दिवशी त्यांचे शर्ट काढले. नऊच्या नऊ शर्टांचं वरचं काज कोरं करकरीत, एकदाही बटण न गेलेलं. मी चौतीस वर्षं इस्त्री केली त्यांना.

बरं, हवा गेली. आता उद्योग ऐका.

पहिला दिवस: टोकाची भिंत उंच केली. ती सगळीच उंच झाली, सपाटच, आणि दोन्ही कोपरे छप्पर फोडून वर आले. घराला सशाचे कान फुटले.

दुसरा दिवस: भिंत होती तेवढी केली आणि छप्परच खाली आणलं. भोक बुजलं. पण छप्पर दारावर आलं. आत जायचं तर सरपटत.

तिसरा दिवस: प्रोग्रॅममध्ये सामानाचं एक दुकान आहे. पलंग, न्हाणीचा टब, पियानोसुद्धा. काहीही उचलून घरात ठेवायचं आणि हव्या त्या उंचीवर टांगायचं. त्रिकोणी म्हणाल तर एक तंबू तेवढा सापडला. मग मी पुस्तकांची कपाटं घेतली. खाली पाच, त्यावर तीन, त्यावर एक. ज्या फटी उरल्या तिथे कुंड्या. आतून फारच छान दिसतंय. बाहेरून नऊ कपाटं पाठमोरी उभी आहेत. छापून पाठवते आहे.

संगणक क्लासच्या मास्तरांना दाखवलं. त्यांनी बोटाने नऊही कपाटं मोजली. मग म्हणाले, "काकू, ह्या टोकाच्या भिंती पुसून टाकू, मी दोन मिनिटांत नव्या काढून देतो." मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या भिंती पुसा." ते जरा दुखावले. पण त्या भिंती ह्यांनी ओढल्या आहेत. एक-एक रेघ. मी पुसायची नाही म्हणजे नाही, आणि ही तुमची अट आहे म्हणून नव्हे.

भावजय


१५ मार्च

भावजयबाई,

पाठमोरी कपाटं बघून मला वाटलं घरावर पाहुणे चढलेत आणि रुसून बसलेत. पहिल्या पावसात सगळी पुस्तकं लगदा होतील. तुला चालेल? मला वाटलंच.

आता नीट वाच. तू ठिगळ लावते आहेस. मोकळ्या जागेवर ठिगळ टिकत नाही. तो त्रिकोण भिंतीचाच भाग आहे, तो एकाच कापडातून बेतायला हवा. मी जुन्या वर्तमानपत्राचं तुझं घर कापून बघितलं, त्यात हे कळलं. टोकाची भिंत घे. मधोमध काप. दोन तुकडे झाले? आता प्रत्येक तुकडा बाहेरच्या कोपऱ्याला आखूड ठेव आणि मध्ये लांब. दोन्ही शेजारी ठेव. टोक आपोआप येतं.

शर्टाचा खांदा असाच असतो. मानेशी उंच, बाहीशी उतरता. तुझ्या घराला मान आहे, हात आहेत, खांदे नाहीत. भिंतीला खांदे दे.

तुझ्या त्या तीनशे पानांत कुठेतरी हे असणारच. शिंप्याला जे चारशे वर्षांपूर्वी कळलं ते संगणकवाल्यांना एव्हाना कळलं असेल.

अक्षर मोठं आलंय. पेनला शाई जास्त आहे.

नणंद


२५ मार्च

वन्सं,

पान एकशे सत्त्याऐंशी. अगदी तुमचेच शब्द, फक्त खांदा म्हटलेलं नाही.

भिंत मधोमध दुभंगता येते, पुसावी लागत नाही. मग प्रत्येक तुकड्याला दोन उंच्या देता येतात, एक सुरुवातीची आणि एक शेवटची. प्रोग्रॅमला प्रत्येक भिंतीची सुरुवात आणि शेवट पाठ असतो. रेघ जिथून ओढायला लागलो ती सुरुवात. मी सुरुवात डावीकडे धरली, माणूस तिथूनच ओढतो म्हणून. कोपऱ्याला अडीच मीटर, मध्ये चार, असे आकडे भरले.

उलटंच झालं. दोन्ही कोपरे वर गेले आणि मध्ये खड्डा. घराने शरण आल्यासारखे दोन्ही हात वर केले. अकरा वेळा केलं, अकरा वेळा शरण. मग आकडे उलटे टाकून पाहिले, आणि भिंत छपराला अशी जाऊन भिडली की केस जाणार नाही मधून. एका टोकाचं भोक बुजलं. मी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री नकाशा कधी मिळतो विचारायला आले होते, त्यांनीही दाराबाहेरून वाजवल्या.

पण मग मला शंका आली म्हणून एकेक भिंत तपासली. घरात आडव्या भिंती सात आहेत. सातही त्यांनी उलट्या ओढल्या आहेत. उजवीकडून डावीकडे, शेवटाकडून सुरुवातीकडे.

वन्सं, तेव्हापासून मला झोप नाही. डॉक्टर म्हणाले होते, डोक्यातली शीर फुटली, अचानक झालं, आधी काही कळत नाही. पण आधी काही होत असेल तर? माणूस सगळ्या भिंती उलट्या का ओढेल? आणि ते माऊसचं बटण. मास्तर म्हणाले, पुस्तक बरोबर आहे, तुमच्याच संगणकात कुणीतरी बटणांची अदलाबदल केली आहे. कुणीतरी म्हणजे कोण? त्याच महिन्यात ते दोनदा किल्ली विसरून गेले होते. मी रोज चहा आत नेऊन ठेवत होते आणि मागे वळून येत होते. समोर माणूस उलटा चालला होता आणि मला दिसलं नाही, असं तर नाही ना?

तुम्हाला त्यांच्या शेवटच्या पत्रांत काही वेगळं वाटलं होतं का? खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका.

दुसऱ्या टोकाला मी हात लावलेला नाही.

भावजय


२८ मार्च

अगं वेडे,

पत्र आत्ता मिळालं, आत्ताच लिहिते, तातडीच्या टपालाने टाकते.

त्याच्या डोक्याला काहीही झालं नव्हतं. तो डावखुरा होता.

जन्माचा. शाळेत मास्तरांनी छड्या मारून लिहिण्यापुरता उजवा केला. आईने जेवण्यापुरता केला. उरलेला डावाच राहिला. भिंतीवर कोळशाने जहाजं काढायचा ती डाव्या हाताने, आणि उजवीकडून डावीकडे, म्हणजे काढलेलं हाताखाली फरफटत नाही. डावखुऱ्याला तेच सरळ पडतं. तू उजवी, म्हणून तुला ते उलटं दिसतंय. माऊसची बटणंही त्यानेच त्याच्या हातापुरती फिरवून घेतली असणार.

आठ वर्षांचा असताना त्याने माझी कात्री घेतली होती. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात कापत नाही, कापड चावते. माझ्या उस्तादाचं कोटाचं कापड त्याने कोपऱ्यावर चावून ठेवलं. मी मार खाल्ला आणि तो रडला. तेव्हापासून चारचौघांत त्याने तो हात बाहेर काढला नाही.

आणि आता माझी चूक. लग्न ठरलं तेव्हा मीच त्याला बजावलं, "बायकोसमोर, सासरच्यांसमोर डावा हात चालवू नकोस. लोक नावं ठेवतात. वर्षभर सांभाळ, ओळख झाली की सांग." पहिलं त्याने ऐकलं. सांगायचं राहिलं. वरचं टोक ते वरचं टोक.

मला वाटत होतं, तुला केव्हाच माहीत असेल. चौतीस वर्षांत एवढं तर कुणीही सांगतं.

आणि किल्ली तो जन्मभर विसरायचा. त्याचा दोष माझ्यावर नको.

ताई


४ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र वाचलं आणि आधी इतकी हसले की शेजारच्या बाई बघायला आल्या. त्या आल्या तेव्हा मी रडत होते. त्यांनी पाणी दिलं. मी सांगितलं, "आमचे हे डावखुरे होते." त्या म्हणाल्या, "अरेरे," आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

चौतीस वर्षं मी एका डावखुऱ्या माणसाशेजारी बसून जेवले आणि त्याला अनाडी समजत आले. फळ सोलायला दिलं तर सालीबरोबर अर्धं फळ जायचं. खिळा ठोकताना दर वेळी बोट ठेचायचं. मी म्हणायचे, "तुम्हाला एक काम धड जमत नाही, द्या इकडे." आणि ते हातोडी माझ्याकडे द्यायचे. एकदा, एकदा तरी दुसऱ्या हाताने ठोकून दाखवायचं होतं! मी काय नावं ठेवणार होते? माझा सगळा राग आत्ता त्यांच्यावर आहे, तुमच्यावर थोडा आहे. उतरेल.

संगणकाच्या डाव्या बाजूला एक छोटी रबरी गादी आहे. नऊ महिने मी तिच्यावर चहाचा कप ठेवत होते. मला वाटलं त्यासाठीच असते. माऊस तिथे ठेवला, डाव्या हातात धरला, आणि पुस्तकातली माझी दुरुस्ती खोडली. आता जिथे जिथे दुरुस्ती होती तिथे 'डावं' शब्द दोन-दोनदा आहे, एक खोडलेला आणि एक नवा.

दुसरं टोक डाव्या हाताने बुजवलं. चाळीस मिनिटं लागली. माऊस सारखा टेबलावरून उतरून पळत होता. पण जमलं. मधोमध दुभंग, उजवीकडून सुरुवात, कोपऱ्याला अडीच, मध्ये चार. आता दोन्ही टोकांना खांदे आहेत. चारही बाजूंनी छापून सोबत जोडलंय. बैल कुठूनच येत नाही.

भिंत एकही पुसलेली नाही. सगळ्या त्यांच्याच आहेत.

मागच्या पत्रात तुम्ही सहीचं काही लिहिलं नाहीत. पंधरा तारीख जवळ आली, म्हणून आठवण.

भावजय


८ एप्रिल

भावजयबाई,

घर बघितलं. भिंगातून बघितलं. कुठेही फट नाही. शिलाई चांगली झाली आहे. म्हणजे आता मला खोट काढायला जागा राहिली नाही, आणि खरं सांगणं आलं.

दुकान मी नोव्हेंबरातच बंद केलं. सुई ओवता येत नाही. शेवटचा कोट शिवला त्याला दोन्ही बाह्या एकाच हाताच्या लावल्या. गिऱ्हाइकाने घालून दाखवला, तर त्याचा एक हात पाठीमागे वळायला लागला. तो रडकुंडीला आला आणि मी हसले. तो गेल्यावर दाराला कुलूप घातलं. मोठ्या अक्षराचं कारण शाई नव्हे.

घराची भोकं मला पहिल्यांदा दिसली तेव्हा बरं वाटलं होतं. भोक असेपर्यंत मला "मी येत नाही" असं म्हणावं लागत नव्हतं. तू भोकावर भांडत होतीस आणि माझं निभत होतं. तू ते बुजवशील असं वाटलं नव्हतं. कपाटं बघून तर मी अगदी निश्चिंत झाले होते.

तर मी येत नाही. आधी बहिरी, आता अर्धी आंधळी. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन चहा मागून प्यायची सवय मला नाही, आणि ह्या वयात लागायची नाही. त्याने खोलीवर 'ताईची' लिहिलं ते जिला दिसत होतं त्या ताईसाठी. फर्निचरवाल्याला पंधराला हो म्हणते. तू तुझ्यापुरती कुठेतरी नीट जागा बघ, तुला एकटीला एवढं घर काय करायचं?

सांत्वनाचं पत्र लिहू नकोस. मी वाचणार नाही, आणि आता ते खरंच सोपं झालंय.

नणंद


११ एप्रिल

वन्सं,

हे सांत्वनाचं पत्र नाही. नकाशा आहे. मोठा छापलाय, भिंग लागणार नाही.

उत्तरेकडची खोली होती तिथेच आहे. तिला रस्त्याकडून वेगळं दार दिलंय. शेजारी तुमचं वेगळं स्वयंपाकघर, शेगडी, मोरी, सगळं. चहा कुणाकडे मागायला नको. माझं स्वयंपाकघर पलीकडे. मध्ये एक भिंत. घरातली ही एकच भिंत मी ओढलेली आहे, डाव्या हाताने, उजवीकडून. थोडी तिरकी होती, ती प्रोग्रॅमने सरळ केली. तुम्ही तुमच्या, मी माझी. महिनाभर तोंड बघायचं नाही म्हटलंत तरी घर अडवत नाही.

आता एकदाच लिहिते. मला एकटीने राहायला भीती वाटत नाही. नऊ महिने राहिले, पुढेही राहीन. पण एवढा मोठा हात माझ्यापासून चौतीस वर्षं लपून राहिला. आणखी काय काय असेल ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही. माझ्याकडेही त्यांचं बरंच आहे जे तुम्हाला ठाऊक नाही. ते झोपेत हिशेब करायचे पाण्याच्या टाक्यांचे, आणि चुकले की मला उठवून विचारायचे. एकदा रागावून पंपघराच्या छतावर जाऊन बसले आणि उतरायची शिडी दुसऱ्यानेच नेली. हे सगळं पत्रात मावत नाही. तुम्ही कुठे गेलात तर माझं अर्धं माणूस तुमच्याबरोबर जातं.

हवं तर फर्निचरवाल्याला हो म्हणा. पण मला दिसत नाही म्हणून येत नाही, असं म्हणू नका. दिसत मलाही नव्हतं. माझे डोळे चांगले होते तरी.

भावजय


१५ एप्रिल

भावजयबाई,

फर्निचरवाला सकाळी आला होता. त्याला नाही म्हटलं. तो बरंच काही बोलला. मला ऐकू आलं नाही.

शिडीची गोष्ट अर्धी सांगितलीस. मग उतरला कसा?

आता नकाशा. दोन स्वयंपाकघरं! दोन बायका, दोन शेगड्या, दोन मोऱ्या, आणि एकाच घरात दोनदा दूध उतू जाणार. अक्कल कुठे ठेवलीस? माझ्या स्वयंपाकघरावर मी लाल पेन्सिलीने फुली मारली आहे. तू ओढलेली भिंतही काढून टाकायची. राग धरू नकोस, वीट वाचेल. सकाळचा चहा मी करणार, तुझा पाणचट असतो, ते तोंडावर सांगायला ठोंब्याला धीर झाला नाही. मीठ तू घालायचंस, मला डबा ओळखू येत नाही आणि एकदा चहात गेलं आहे.

त्या रिकाम्या जागेत माझं शिलाईचं मशीन लागेल. सरळ शिलाई मला डोळे मिटूनही येते, पाय अजून शाबूत आहेत. सुई तू ओवायची. पहिलं काम म्हणजे त्याचे ते नऊ शर्ट आण, तुझ्या मापाला उतरवून देते. वरचं काज कोरं आहे, अजून दहा वर्षं जाईल.

सोमवारी निघते. घर होईपर्यंत तुझ्या क्वार्टरमध्येच राहीन, तेव्हा संगणकाच्या खोलीतला पसारा आवर.

सही केली आहे. पेन्सिलीची खूण नीट दिसली नाही, म्हणून दोन ठिकाणी केली. मिस्त्रीला म्हणावं, जी बरी वाटेल ती धर.

ताई